पाळणाघर की घरी मावशी? रजा संपण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आधी तारखा मांडा

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ऐकायला पूर्ण सहा महिने वाटतात, पण यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्या आईनं ते सगळे आधी वापरले, तिच्या हातात नंतर १८ आठवडेच राहतात. म्हणजे ती कामावर रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. आणि बरीच पाळणाघरं सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत. या दोन महिन्यांच्या फटीत घराघरांत घोळ होतो. मिळेल ती बाई घाईनं ठेवली जाते आणि महिन्याभरात ती सोडून जाते.

म्हणून रुजू व्हायच्या तारखेपासून मागे मोजत या. १० ते १२ आठवडे आधी शोध सुरू करायचा, ६ आठवडे आधी ठरवून टाकायचं आणि शेवटचे दोन-तीन आठवडे बाळाला सवय होण्यासाठी मोकळे ठेवायचे. सवयीच्या आठवड्यांना कात्री लावू नका. साधारण आठव्या महिन्यापासून बाळ माणसं ओळखून रडू लागतं आणि दहा ते अठरा महिन्यांच्या काळात हे सगळ्यात जास्त असतं. नेमक्या त्या वयात सुरुवात करणार असाल, तर दोनऐवजी चार आठवडे धरा.

जिथे ५० किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, असं याच दुरुस्तीत आहे. सोय स्वतःची असेल किंवा इतरांसोबत मिळून केलेली असेल. ही सोय कुठे आहे, हे रजेवर जाण्यापूर्वीच लेखी विचारा. तोंडी उत्तर बहुतेक वेळा 'बघतो' एवढंच मिळतं.

पर्याय दोन नाहीत, तीन आहेत

पाळणाघर म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं ओळखल्या जातात. एक म्हणजे केंद्र: भाड्याची किंवा मालकीची जागा, चार-सहा ताया, फीची पावती, दाराशी कॅमेरा. दुसरं म्हणजे सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या काकूंचं घर. त्या पाच-सात मुलं स्वतःच्या घरात सांभाळतात, आमटी-भात भरवतात आणि दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये गाद्या टाकून निजवतात. तिसरा पर्याय तुमच्याच घरी येणाऱ्या मावशींचा. सरकारची 'पाळणा' योजनाही आहे. ती अंगणवाडीला जोडलेली असून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तुमच्या भागात असं केंद्र सुरू आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारलं की कळतं. नुसती अंगणवाडी मात्र नोकरदार आईचा पूर्ण दिवस भागवत नाही.

या तिन्हींत सगळ्यात मोठा फरक फीचा नाही. केंद्रात माणसं बदलतात, पण दार उघडं राहतं. एक ताई आली नाही तर दुसरी बाळाला घेते. मावशींच्या बाबतीत उलट आहे. माणूस एकच, बाळाला तिचा लळा लागतो, पण तिला ताप आला की तुमची सुट्टी. काकूंचं घर या दोन्हींच्या मधलं आहे. माणूस तोच राहतो, आसपास शेजारीपाजारी असतात, पण काकूंच्या घरी लग्न निघालं की पंधरा दिवस बंद. म्हणून 'चांगलं कुठलं' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'व्यवस्था कोलमडेल त्या दिवशी आमच्याकडे काय आहे' असं विचारा. घरात किंवा हाकेच्या अंतरावर आजी-आजोबा असतील तर मावशींचा पर्याय भक्कम होतो. दोघंही नोकरीला, घरी तिसरं कुणी नाही आणि अचानक रजा मिळत नाही, अशा घरानं केंद्राकडेच आधी बघावं.

बाळाच्या वयाचाही विचार हवा. वर्षाच्या आतल्या बाळाला एक ठरलेला हात आणि शांत झोप लागते. दीड वर्षाच्या पुढे बरोबरीची मुलं, मोकळी जागा आणि ठरलेली दिनचर्या जास्त कामाची ठरते. म्हणून पहिलं वर्ष घरी किंवा काकूंकडे आणि मग केंद्र, हा क्रम पुष्कळ घरांना जमतो. पण पहिल्या वर्षी घरी कुणी लक्ष ठेवणारं नसेल, तर बंद दाराआड एकट्या अनोळखी माणसाजवळ बाळ ठेवण्यापेक्षा चार डोळे असलेलं केंद्र बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमचा दिवस कागदावर लिहा

ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, जायला-यायला दीड-दीड तास. बाळासाठी हा दिवस बारा तासांचा होतो, संध्याकाळी आठ वाजेपर्यंत घरी कुणी पोचत नाही आणि सकाळी आठला सगळे बाहेर पडलेले असतात. केंद्र सातला बंद होत असेल तर रोजचा एक तास कुणाचा, याचं उत्तर पहिल्याच दिवशी हवं. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या आईला किंवा हिंजवडीच्या वाहतुकीत अडकणाऱ्या बाबाला हे वेगळं सांगायला नको.

पाळणाघर घराजवळ घ्यावं की ऑफिसजवळ? अंगावर पाजायचं असेल आणि प्रवास स्वतःच्या गाडीनं असेल तर ऑफिसजवळचं सोयीचं. गर्दीची लोकल असेल तर घराजवळचंच घ्या. आणि पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. लोकल बंद पडतात त्या संध्याकाळी बाळाला चालत जाऊन आणू शकतील अशा तीन माणसांची नावं, फोटो आणि फोन नंबर केंद्राकडे लेखी द्या. यादीबाहेरचं कुणी आलं तर बाळ द्यायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना, हेही त्यांच्याकडून वदवून घ्या. जे केंद्र अशी यादी मागतच नाही, त्याचा विचार सोडून द्या.

खर्च वर्षाचा मांडा

महिन्याच्या आकड्यानं फसगत होते. उदाहरण म्हणून हे आकडे धरू, तुमच्या भागातले घालून पुन्हा मांडा. केंद्राची फी महिना ९,००० रुपये, वार्षिक प्रवेश फी ६,०००, जेवणाचे महिना १,५०० आणि महिन्यातून आठ वेळा अर्धा तास उशीर झाल्याचे १०० रुपयांप्रमाणे ८००. वर्षाचे होतात १,४१,६००, म्हणजे महिना ९,००० नव्हे तर ११,८००. मावशींना महिना १६,०००, दिवाळीला एक पगार, एजन्सीमार्फत घेतल्या तर तिचं एक महिन्याचं कमिशन आणि त्यांच्या चहा-जेवणाचे महिना २,००० धरले तर वर्षाचे २,४८,०००.

एका मुलासाठी केंद्र स्वस्त पडतं, हे उघड आहे. दुसरं मूल आलं की गणित फिरतं. केंद्राचा खर्च दुप्पट, २,८३,२०० होतो. मावशींना महिना तीन हजार वाढवून दिले तर बोनस धरून वर्षाला ३९,००० वाढतात आणि एकूण २,८७,००० होतात. जवळपास सारखेच. जुळ्यांच्या किंवा दीड-दोन वर्षांच्या अंतरानं झालेल्या मुलांच्या घरी मावशी का परवडतात, ते यातून दिसतं. फी ठरवताना आणखी एक विचारा: मूल आजारी असलं किंवा आपण गावी गेलो तर त्या दिवसांचे पैसे वजा होतात का? बहुतेक ठिकाणी होत नाहीत.

पाळणाघर बघायला कधी जायचं

सकाळी अकराला सगळीच पाळणाघरं छान दिसतात. तुम्ही दुपारी साडेबाराला जा, भरवायच्या वेळी. पुन्हा एकदा संध्याकाळी साडेपाच-सहाला जा, ताया दमलेल्या असतात आणि मुलं किरकिरत असतात तेव्हा. दुसऱ्या वेळी न सांगता गेलेलं चांगलं. पालकांना आत येऊ देत नाहीत, दारातूनच बाळ घेतात, अशा ठिकाणी पुढची चौकशी करू नका.

आत गेल्यावर डोकी मोजा. मुलं किती, मोठी माणसं किती, हे स्वतः मोजायचं, विचारायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सेविका आणि जोडीला एक मदतनीस धरली आहे, तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे तेवढंच मनुष्यबळ. ही किमान पातळी समजा. वर्षाच्या आतली तीन-चार बाळं एकीकडे असतील तिथे एक ताई फक्त त्यांच्यासाठी असायला हवी. पाचवं बाळ रडलं की कुणीतरी ओलं राहतं.

लंगोट बदलायची जागा दोन मिनिटं उभं राहून बघा. ताई बाळाला चटईवर घेते, पुसते, नवा डायपर लावते. मग काय करते? हात साबणानं धुऊन, पुसून मग दुसऱ्या बाळाला हात लावते की ओल्या पुसणीवर हात फिरवून थेट वाटीतला वरणभात कालवायला घेते? जुलाब आणि हात-पाय-तोंडाचा आजार पाळणाघरभर पसरतात ते या एका क्षणात. बेसिन चटईपासून दहा पावलांवर असेल तर दिवसातून पंधरा वेळा हात धुतले जाणार नाहीत, ताई कितीही चांगली असली तरी. बाटल्यांवर आणि चमच्यांवर नावं आहेत का, पातळ चादर प्रत्येकाची वेगळी आहे का, हेही तेव्हाच दिसतं.

झोपायची खोली बघा. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपलेलं हवं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, पण झोपेत नाक दबण्याचा धोका त्यात आहे, म्हणून सरळ नको म्हणा. न्हाणीघरात भरलेली बादली उघडी आहे का बघा. चालू लागलेलं मूल बादलीत डोकावताना डोक्याच्या भारानं आत पडतं आणि त्याला बाहेर येता येत नाही. बाल्कनीचं ग्रील, खाली असलेले प्लगचे सॉकेट, स्वयंपाकघराला फाटक, सरकत्या लोखंडी दाराच्या कुलपाची किल्ली नेमकी कुठे असते, आग लागली तर दुसरी वाट कोणती, एवढं विचारून घ्या.

भिंतीवर गुमास्ता परवाना टांगलेला दिसेल. ती दुकान-आस्थापनेची नोंदणी आहे. मुलं सांभाळायची जागा सुरक्षित असल्याचा तो दाखला नव्हे. कॅमेऱ्याचंही तसंच. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती. ती उघडकीला आली मुलीच्या अंगावर खुणा दिसल्यावर. कॅमेरा पुरावा देतो, बाळाला वाचवायला येत नाही. चित्रण किती दिवस ठेवता, रोज कोण बघतं आणि पालकांना मागितल्यावर मिळतं का, हे प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहेत.

लसीकरणाचं कार्ड केंद्रानं मागितलं पाहिजे, तुमचंही आणि इतर मुलांचंही. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर मिळते. त्याआधी तुमचं बाळ तिथे जाणार असेल तर मोठ्या मुलांनी ती घेतलेली असणं हाच त्याचा बचाव.

पहिल्या वर्षी आजारपणं होतातच. सर्दी, खोकला, ताप, पुन्हा सर्दी. केंद्र कितीही स्वच्छ असलं तरी मुलांच्या घोळक्यात पहिल्यांदा गेलेलं बाळ वारंवार आजारी पडतं आणि तापात केंद्र त्याला घेत नाही. घ्यायलाही नको. ताप औषधाशिवाय पूर्ण २४ तास उतरलेला असेल तेव्हाच परत पाठवायचं. या दिवसांसाठी आई आणि बाबा दोघांच्याही रजा शिल्लक हव्यात, एकट्या आईच्या नव्हेत.

मावशी ठेवताना

ओळखीतून आलेल्या मावशींचीही चौकशी करायचीच. आधार कार्डाची प्रत, फोटो, सध्याचा पत्ता, गावाचा पत्ता आणि आधीच्या दोन घरांचे फोन नंबर घ्या. मूळ कागदपत्रं ताब्यात ठेवू नका, तसं करणं अन्याय आहे. आधीच्या घरी फोन करून 'कशा होत्या' असं विचारलं तर 'चांगल्या होत्या' एवढंच ऐकायला मिळतं. 'महिन्याला किती खाडे व्हायचे? बाळ पडलं-झडलं तर लगेच सांगायच्या का? पुन्हा गरज लागली तर त्यांनाच बोलवाल का?' असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा क्षणभर थांबला, तर ते थांबणं लक्षात ठेवा.

जवळच्या पोलीस ठाण्यात घरकामगार म्हणून नोंद करा आणि चारित्र्य पडताळणी करून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी तुमच्या खर्चानं करा आणि ती अविश्वासापोटी नाही, हे नीट समजावून सांगा. वय १८ च्या पुढेच हवं. १४ वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, 'गावाकडची लांबची भाची' म्हणून ठेवलं तरी. मावशींची महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी नसेल तर ती करायला मदत करा. २००८ च्या कायद्यानं हे मंडळ झालं.

व्यवस्था मोडते ती सहसा एकाच कारणानं: काम वाढत जातं. ठरलेलं असतं फक्त बाळ. मग 'तेवढ्या चार पोळ्या लाटता का', मग भांडी, मग पाहुण्यांचा चहा. मावशी ओट्याशी आणि बाळ टीव्हीसमोर. बाळाचे कपडे, बाळाचं जेवण, बाळाची खेळणी, एवढंच त्यांचं काम, असं कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या, आजींनासुद्धा. त्याच कागदावर वेळ, आठवड्याची सुट्टी, महिन्याच्या जादा सुट्ट्या, पगाराची तारीख, दिवाळीचा बोनस आणि सोडताना एक महिना आधी सांगायचं, ही अट लिहा. गावची जत्रा, गणपती, शिमगा, मे महिन्यातली लग्नं: कधी जावं लागतं ते आधीच विचारून कॅलेंडरवर खूण करा. 'जाऊ नका' म्हणून कुणी थांबत नाही. आधी कळलं तर तुम्हाला रजा टाकता येते.

सुरुवात दोन आठवड्यांच्या सोबतीनं करा, रोजच्या हिशोबानं पैसे देऊन. पहिला आठवडा त्यांनी बघायचं आणि तुम्ही करायचं. दुसऱ्या आठवड्यात उलट. मग तुम्ही तासभर बाहेर जा, दुसऱ्या दिवशी तीन तास. कॅमेरा लावणार असाल तर त्यांना दाखवून लावा, न्हाणीघरात आणि कपडे बदलायच्या जागी अजिबात नको. शेजारच्या काकूंना मधूनच बेल वाजवून जायला सांगा आणि तसं मावशींनाही सांगून ठेवा.

दूध, औषध, फोन

कुठलाही पर्याय निवडलात तरी काही गोष्टी लिहूनच द्याव्या लागतात. काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत जास्तीत जास्त ४ तास टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोली इतकी थंड नसतेच, तेव्हा ते थेट फ्रिजमध्ये ठेवायचं, तिथे ४ दिवस चालतं. फ्रिजच्या दारात नाही, मागच्या बाजूला. बाटलीवर नाव, तारीख आणि वेळ घाला. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण त्यात एखादा भाग कढत होऊन तोंड भाजतं. बाळानं तोंड लावून उरलेलं दूध दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. वाईट वाटतं, पण टाकायचं.

'न विचारता काही द्यायचं नाही' असं मोघम सांगू नका, नावं घ्या: गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, सर्दीचं औषध नाही, वर्ष होईपर्यंत मध बोटभरही नाही. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं आणि चणे चार वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वजन वाढलं की बदलून घ्या. कागद फ्रिजवर चिकटवा. त्यावर तुमचे दोघांचे नंबर, डॉक्टर, शेजारी, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीसाठी ११२. हे फोन मावशींकडून एकदा प्रत्यक्ष लावून बघा. मोबाइलमध्ये बॅलन्स नसल्याचं तेव्हाच कळतं.

सोडून निघताना लपून पळू नका. बाळ रडेल म्हणून डोळा चुकवून गेलेल्या आईला ते दिवसभर दाराकडे बघत शोधतं. टाटा करा, 'संध्याकाळी येते' म्हणा आणि निघा. पहिले दोन दिवस तिथे तासभर सोबत बसा, तिसऱ्या दिवशी अर्धा तास बाहेर थांबा, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. त्याची घरची दुपटी किंवा आईची जुनी ओढणी ताईंजवळ द्या.

कधी बदलायचं

सकाळचं रडणं ही काळजीची खूण नाही. दहा मिनिटांत खेळायला लागतं का, ते विचारा. तीन-चार आठवड्यांनंतरही ठरावीक माणूस दिसताच अंग आक्रसून घेणं, वजन न वाढणं, कोणी सांगू न शकणारे वळ किंवा चिमटे, रोज संध्याकाळी विचित्र सुस्ती, या खुणा वेगळ्या आहेत. सुस्ती असेल तर झोपेचं किंवा सर्दीचं औषध पाजलं जात असण्याचीही शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मार किंवा छळ दिसला तर बाळ तिथून आधी काढा, खुणांचे फोटो घ्या, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा ११२ वर कळवा आणि मग फीचं बोला. अनामत रक्कम बुडेल म्हणून महिना पुरा करायचा नसतो.

व्यवस्था नीट चालत असूनही बदलायची असेल, उदाहरणार्थ मावशींकडून केंद्रात जायचं, तर दोन्ही आठवडाभर एकत्र चालवा. सकाळी केंद्र, दुपारी मावशी. शेवटच्या दिवशी घराची किल्ली परत घ्या, राहिलेला पगार त्याच दिवशी द्या, आणि मावशींना बाळाला भेटायला येऊ द्या.